लाल पेशीचा नगराध्यक्ष कोण?

पत्र, थोडक्यात

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलं आहे. मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीला. घटक चाचणीत विज्ञानात 20 पैकी 7 पडले, आणि बहुतेक मार्क ‘पेशी व पेशीअंगके’ या एकाच धड्यात गेले. पुस्तक इंग्रजी, मॅडम समजावतात मराठीत, आणि आपल्यालाही कळावं म्हणून आईने मराठी गाइड आणलं. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर पाठांतर. गाइडातली युक्ती अशी: पेशी म्हणजे एक शहर, केंद्रक नगराध्यक्ष, तंतुकणिका वीजकेंद्र, लयकारिका कचरागाडी. एका रात्री मुलीने विचारलं, “मॅडम म्हणाल्या, लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं. मग त्या शहराचा नगराध्यक्ष कोण?” आई म्हणाली, “हे परीक्षेत विचारत नाहीत, पुढचं म्हण.” तेव्हापासून पोर विज्ञानाचं पुस्तक उघडलं की रडते. वडील म्हणतात, क्लास लावू. जाऊबाई म्हणतात, ती सायन्सची नाहीच, उगाच कशाला ओढताय. पेशीचं मॉडेल 650 रुपये देऊन तयार आणलं, त्याचं शाळेत कौतुक झालं, पण मुलीला त्यातलं काही सांगता आलं नाही. आईचा प्रश्न: क्लास लावावा, सेमी सोडून पूर्ण मराठीत घालावं, की सायन्सचा नादच सोडावा? “माझं बीकॉम झालंय, मला यातलं काय कळणार?”

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात सात मार्क चार वेळा आले आहेत आणि मुलीचा प्रश्न एकदाच, तोही ‘ती असं काहीतरी विचारत बसते’ या तक्रारीत. मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. शहराची उपमा मीही फळ्यावर काढली. पण ‘मग नगराध्यक्ष कोण?’ हे मला एकाही पोराने विचारलं नाही. उपमा जिथे उसवते तिथेच बोट घालणारी मुलगी सायन्सची नाही, हे जाऊबाईंनी कशावरून ठरवलं कोण जाणे. त्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पण शेवटी. आधी उत्तरपत्रिका बघू.

चुकांची यादी तुम्ही पाठवलीत ते फार बरं केलंत. ती वाचून माझ्या लक्षात आलं की कामं तिने जवळपास सगळी बरोबर लिहिली आहेत, पाट्या तेवढ्या चुकीच्या दारांवर लागल्या आहेत. ‘व्हॅक्यूओल पेशीतले निकामी भाग पचवतं’ असं तिने लिहिलं, आणि त्यावर लाल फुली आहे. पुस्तकाप्रमाणे ते काम लायसोसोमचं, म्हणजे लयकारिकेचं. फुली रास्तच आहे. पण गंमत बघा. वनस्पतीच्या पेशीत आणि यीस्टमध्ये मोडतोड करून पचवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर रिक्तिकाच, म्हणजे व्हॅक्यूओलच, करते. पेशी स्वतःचेच जुने भाग कसे पचवते, याच्या शोधासाठी जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चं नोबेल मिळालं, आणि त्यांनी बघितल्या होत्या त्या यीस्टच्या रिक्तिका! तुमची मुलगी चुकली ती परीक्षेपुरती. यावर मार्क वाढवून मागायला जाऊ नका, मिळणार नाहीत. पण घरी तिला हे जरूर सांगा.

तिच्या डोक्यात या घडीला नावांचे दोन गठ्ठे आहेत. पुस्तकातला इंग्रजी, गाइडातला मराठी. नऊ-दहा अंगकं, प्रत्येकाची दोन नावं, वर शहरातली तिसरी. तीन आठवडे ही पोर नावांच्याच पाठी धावते आहे. पेशी तिला अजून भेटलेलीच नाही.

पालकांना वाटतं, मराठी परिभाषा म्हणजे जड ओझं आणि इंग्रजी शब्द सोपे. एकदा फोडून तर बघा. मायटोकॉन्ड्रियॉन हा शब्द ग्रीक आहे: मायटोस म्हणजे धागा, कॉन्ड्रिऑन म्हणजे लहानसा कण. 1898 साली कार्ल बेंडा यांनी ते नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकातून त्यांना कुठे धागे दिसत होते, कुठे कण. आपण म्हणतो तंतुकणिका. तेच, पण ग्रीक न शिकता कळणारं. लयकारिका म्हणजे लय करणारी. विलय, प्रलय तुम्हाला माहीत आहेतच. आंतर्द्रव्यजालिका हा शब्द बघून पोरांना घाम फुटतो, तो तीन तुकड्यांत म्हणायचा: आतल्या, द्रव्यातली, जाळी. रिक्तिकेने मात्र दोन्ही भाषांत फसवलं आहे. लॅटिनमध्येही त्या नावात ‘रिकामं’ असंच आहे, कारण जुन्या अभ्यासकांना ती जागा नितळ, मोकळी दिसली. प्रत्यक्षात ती काठोकाठ भरलेली असते, आणि वाढ पूर्ण झालेल्या वनस्पतीपेशीत 80 ते 90 टक्के जागा एकटी अडवून बसते.

तेव्हा सेमी सोडायचं का, याचं माझं उत्तर असं. एका धड्यापायी नववीच्या तोंडावर माध्यम बदलू नका. समजून घ्यायचं मराठीत, पेपरात लिहायचं इंग्रजी नाव, हा रस्ता चालण्यासारखा आहे. फक्त क्रम पाळा. आधी काम कळलं पाहिजे, मग मराठी नाव फोडायचं, इंग्रजी शेवटी. तुम्ही उलटं चालला होतात. माध्यमाची शंका खरंच असेल तर एक चाचणी घ्या. पुस्तकातला न शिकवलेला एक इंग्रजी परिच्छेद तिला वाचू द्या आणि काय कळलं ते अहिराणीत सांगायला सांगा. सांगता आलं तर माध्यमाची अडचण नाही. वाक्यंच लागत नसतील आणि गणितातही तेच होत असेल, तर मात्र वर्गशिक्षकांशी बसून बोला.

आता ‘मला काय कळणार’ याबद्दल. तुम्ही रोज सकाळी पेशी फोडता, ताई. कांदा चिरता की नाही? अख्खा कांदा हातात धरला तर डोळ्यांना काही होत नाही. त्याच्या पेशीत रिक्तिकेत एक विकर, म्हणजे एन्झाइम, कोंडलेलं असतं, अ‍ॅलिनेज नावाचं, आणि गंधकाची काही संयुगं रिक्तिकेबाहेर पेशीद्रवात असतात. दोघांच्या मधे एक पातळ पटल, डोळ्याला न दिसणारं. सुरी फिरली की पटल फाटतं, दोघं एकमेकांना भेटतात, आणि दोन पायऱ्यांत झोंबणारा वायू तयार होतो. बोथट सुरीने जास्त रडू येतं, कारण ती पेशी कापत नाही, चेंगरते. भरताबरोबर निखाऱ्यावर भाजलेला कांदा कुस्करताना डोळे चुरचुरत नाहीत, कारण उष्णतेने ते विकर मोडलेलं असतं.

एवढं तिला कांदा चिरताना सांगा, म्हणजे पेशीत इतके भाग कशाला, याचं उत्तर तिच्या हाती येईल. ज्यांनी एकमेकांना भेटायचं नाही त्यांना वेगळं ठेवायला! लयकारिकेचं तेच. आतलं आम्ल सामू (पीएच) पाचच्या आसपास ठेवतं, बाहेर पेशीद्रवात तो सातच्या जरा वर असतो. पोरं ‘आत्मघाती पिशवी’ म्हणून घोकतात आणि समजतात की पिशवी फुटली की पेशी खलास. एखाद-दुसरी फुटली तर तसं होत नाही, कारण तिच्यातली विकरं बाहेरच्या वातावरणात नीट चालतच नाहीत. लयकारिकेचा शोधही पटलापायीच लागला. बेल्जियमचे क्रिस्तियान द ड्यूव्ह उंदराच्या यकृतातलं एक विकर मोजत होते, आणि ते अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकं भरलं. नमुना फ्रीजमध्ये राहिला. पाच दिवसांनी मोजलं तर पुरेपूर! मधल्या काळात पिशव्यांची पटलं कमजोर होऊन आतलं बाहेर आलं होतं. आकडा चुकला म्हणून त्यांनी तो नमुना फेकून दिला नाही, म्हणून 1955 साली लायसोसोम हे नाव जगाला मिळालं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर बीट घ्या. फोडी करून दोन-तीन पाण्यांत धुवा, म्हणजे चिरताना फुटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. मग एक फोड गार पाण्याच्या ग्लासात, दुसरी कढत पाण्यात. गार पाणी बराच वेळ फिकट राहतं, कढत पाणी लगेच रंगतं. बिटाचा रंग रिक्तिकेत असतो आणि उष्णतेने पटलं मोडतात. याला ना मॉडेल लागत ना क्लास.

दुसरी गोष्ट. यादी पाठ करण्याऐवजी एका रेणूची वाट धरून चालायची. भाकरीचा घास नुसता चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागतो. लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करायला लागतं. हे अमायलेज आलं कुठून? लाळग्रंथीच्या पेशीतून. तिच्या केंद्रकात डीएनए आहे, त्यात ते कसं बनवायचं ते लिहिलेलं आहे. मूळ दप्तर तहसीलमधून हलत नाही, आपल्याला सातबाऱ्याची नक्कल मिळते. तशी आरएनएची नक्कल निघते आणि केंद्रकाच्या पटलातल्या छिद्रातून बाहेर येते. आंतर्द्रव्यजालिकेच्या खडबडीत भागावर रायबोझोम चिकटलेले असतात. त्यातला एक नक्कल वाचत जातो आणि अमिनो आम्लांची साखळी गुंफत जातो. साखळी जालिकेच्या आत उतरते, तिथे तिला घड्या पडतात. मग एक फुगा तुटतो, गॉल्गी नावाच्या अंगकाकडे जातो. तिथे तिच्यावर शेवटचे संस्कार होतात आणि कुठे धाडायचं ते ठरतं. पुन्हा फुगा, पुन्हा प्रवास, फुग्याचं पटल पेशीच्या पटलात मिसळून जातं आणि अमायलेज बाहेर, तुमच्या घासात. वाटेत लागणारी शक्ती तंतुकणिका पुरवत राहतात.

बघा, या एका गोष्टीत सहा-सात अंगकं आली, आणि क्रमाने आली. गोष्ट उलटी-सुलटी सांगताच येत नाही, म्हणून नावंही अदलाबदल होत नाहीत. ही माझी मास्तरकी नाही, संशोधन असंच झालं आहे. 1960 च्या दशकात जॉर्ज पलाडे आणि जेम्स जेमिसन यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या कापांना किरणोत्सारी अमिनो आम्ल अगदी थोडा वेळ दिलं आणि ते कुठे पोचतं ते वेळ लावून बघितलं. तीन मिनिटांनी खडबडीत जालिकेत, मग गॉल्गीपाशी, आणि दोन तासांच्या आसपास बाहेर पडायच्या तयारीतल्या कणांमध्ये. मुलीला वहीच्या एका पानावर ही वाट बाणांनी काढू द्या. सुबक नसली तरी चालेल. रायबोझोमवर आली की एवढं सांगा, त्याची रचना उलगडल्याबद्दल 2009 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतले वेंकी रामकृष्णन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले, आणि पदवी भौतिकशास्त्राची! जीवशास्त्र ते मागाहून शिकले. बीकॉमवाल्यांनीही हे ऐकून ठेवावं.

गाइडातल्या उपमा टाकून द्या असं मी म्हणत नाही. तहसीलची उपमा मी आत्ताच वापरली. पण प्रत्येक उपमेला एक प्रश्न जोडायचा: ही कुठे उसवते? तंतुकणिकेला ‘पेशीचं ऊर्जाघर’ हे नाव फिलिप सिकेविट्झ यांनी 1957 साली दिलं, आणि तेव्हापासून जगभरची पोरं ते घोकत आहेत. वीजकेंद्र जागचं हलत नाही, तारांतून वीज धाडतं. तंतुकणिका पेशीत फिरतात, एकमेकींत मिसळतात, दुभंगतात, आणि शक्ती एटीपीच्या रेणूंत बांधून देतात. शिवाय त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, माणसाच्या बाबतीत 37 जनुकांचा. कारण फार पूर्वी त्यांचे पूर्वज स्वतंत्र जीवाणू होते. दुसऱ्या पेशीत शिरले ते तिथलेच झाले. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली हे आग्रहाने मांडलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. आणि या कणिका आपल्याला आईकडूनच मिळतात. तुमच्या मुलीच्या अंगातल्या सगळ्या तंतुकणिका तुमच्याकडच्या, तुमच्या तुमच्या आईकडच्या. सासरचा त्यात काडीचा वाटा नाही. जाऊबाईंना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तिसरं, ‘हा भाग बंद पडला तर?’ या प्रश्नाचा खेळ. जेवताना खेळता येतो. डॉक्टर अमॉक्सिसिलिन देतात तेव्हा ते जीवाणूची भित्तिका नीट बांधू देत नाही. आपल्या पेशीला भित्तिकाच नाही, म्हणून आपण शाबूत. अझिथ्रोमायसिन जीवाणूच्या रायबोझोमला अडवतं. आपला मुख्य रायबोझोम वेगळ्या घडणीचा, म्हणून तो सहसा त्याच्या तावडीत सापडत नाही. प्राणीपेशी आणि वनस्पतीपेशी यांच्यातला फरक लिहिताना पोरं ‘भित्तिका: नाही / आहे’ एवढं खरडतात. त्या एका ओळीवर केवढं औषधशास्त्र उभं आहे!

आणि पेशीपटल? त्याला नुसतं ‘संरक्षण करते’ म्हणून सोडू नका. जुलाब झाले की तुम्ही मीठ-साखरेचं पाणी देता: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा लहानच. साखर कशाला? ताकद यावी म्हणून असं सगळे सांगतात. खरं कारण आतड्याच्या पेशीच्या पटलात आहे. तिथे एक दार असं आहे की मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज दोघं बरोबर आले तरच आत घेतं. ते आत गेले की मागोमाग पाणी जातं. पटकी झाली तरी हे दार बऱ्यापैकी चालू राहतं. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपांतून हेच पाणी लोकांना प्यायला दिलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. तुमच्या स्वयंपाकघरातला चमचा थेट पेशीपटलापर्यंत पोचतो, आणि तुम्ही म्हणता, मला काय कळणार.

सूक्ष्मदर्शकाचं विसरू नका. शाळेच्या कपाटात तो असतो, बहुधा कुलपात. मॅडमना भेटायला जाल तेव्हा मार्कांचा विषय काढू नका, एक तास कांद्याची पापुद्री दाखवाल का, एवढंच विचारा. कांद्याची एक पाकळी आतल्या बाजूने मोडली की पारदर्शक पापुद्री सुटते. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ती पसरायची, आयोडीनचा थेंब सोडायचा, कव्हरस्लिप तिरकी धरून हळू टेकवायची. हे शेवटचं मी तळमळून सांगते आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी ती घाईने आपटली. भिंगातून बघितलं तर काळ्या कडेचे सुरेख गोल! म्हटलं, काढा पोरांनो, ही पेशी. बावन्न वह्यांत गोल निघाले, नावं दिली गेली, एकाने तर त्यात केंद्रकही काढलं. प्रयोगशाळेतले मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, बुडबुडा हाय तो.” आमच्या विदर्भात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. त्या दिवशी माझीच पेशी होती.

शाळेत जमलं नाही तर साधं दहापट भिंग आणा. कांद्याच्या पेशी लांबीला पाव मिलिमीटरहून मोठ्या असतात, आयोडीन घातलेल्या पापुद्रीवर विटांसारखी जाळी दिसते. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शकही मिळतो, फोल्डस्कोप नावाचा, मनू प्रकाश यांच्या गटाने केलेला. त्यातून केंद्रकाचा ठिपकासुद्धा दिसतो. तुमचे ते 650 रुपये तिकडे गेले असते तर मला जास्त आनंद झाला असता. मॉडेल विकत आणलंत म्हणून रागावत नाही, सगळेच आणतात. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात 2018 साली बंदी आली, शाळेच्या प्रकल्पांवर ती कधी येते याची मी वाट बघते आहे. आता आणलंच आहे तर त्यातली अंगकं उपटून काढा, ताटात ठेवा आणि अमायलेजच्या गोष्टीच्या क्रमाने तिला परत लावू द्या.

क्लासचं मी अगदी नको म्हणणार नाही. दोघंही नोकरीला असणाऱ्या घरांत संध्याकाळचा तास कुठून काढायचा, हे मला कळतं. पण फी भरण्याआधी सरांना एकच विचारा: हा धडा तुम्ही कसा शिकवता? ‘नोट्स देतो, पाठ करून घेतो’ असं उत्तर आलं, तर ते तुम्ही तीन आठवडे फुकट केलंच आहे, आणि त्याने काय झालं तेही बघितलं. मुलांच्या शंका घेणारा, आकृती स्वतः काढायला लावणारा शिक्षक मिळाला तर खुशाल लावा. माझा सल्ला विचाराल तर दुसऱ्या चाचणीपर्यंत थांबा.

परीक्षेचंही थोडं. आकृती टोकदार पेन्सिलने, छायाकरण नको, नावांच्या रेषा एकमेकींना छेदू नयेत, नावं शक्यतो उजवीकडे एकाखाली एक. फरकाच्या प्रश्नात एका मुद्द्यासमोर त्याचाच जोडमुद्दा. शास्त्रीय कारणात आधी भागाचं नाव, मग काम, मग परिणाम. आणि रिक्तिका पचवते वगैरे पेपरात लिहायचं नाही!

आता तिचा प्रश्न. लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होते तेव्हा तिला केंद्रक असतं. रक्तात उतरण्याच्या सुमारास ती ते बाहेर टाकून देते. मागाहून तंतुकणिका जातात, रायबोझोम जातात. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेलं, एका पेशीत सुमारे 27 कोटी रेणू. तंतुकणिका नाहीत, म्हणून वाहून नेत असलेल्या ऑक्सिजनवर ती स्वतः डल्ला मारत नाही. लागेल ती थोडी शक्ती ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज मोडून मिळवते. बारीक केशवाहिन्यांतून घडी होऊन निसटता येतं, तेही आत टणक केंद्रक नसल्यामुळे सोपं जातं. पण दप्तरच नाही, तर नक्कल कुठून निघणार? नवीन प्रथिन बनत नाही, झीज भरून येत नाही. म्हणून 120 दिवसांच्या आसपास तिचा कारभार आटोपतो आणि प्लीहेत, यकृतात तिला मोडीत काढतात. तिच्या शहराला नगराध्यक्ष नाही हे खरंच आहे. तो पद सोडण्याआधी सगळी कामं मंजूर करून गेलेला असतो, आणि त्या मंजुऱ्या पुरतात तेवढेच दिवस शहर चालतं.

आज रात्री पुस्तक न उघडता तिला एवढं सांगा, आणि त्या दिवशी तिला गप्प केलंत तेही कबूल करा. मग विचारा, कोंबडीच्या लाल पेशीत केंद्रक असेल का? असतं. बेडकाच्याही असतं, माशाच्याही. पण हे तुम्ही लगेच सांगू नका.